पांचवें चाक

मनुष्याच्या विचारीपणाची परीक्षा तो रोज वापरतो त्या वस्तूंवरून फारशी होत नाहीं. ज्या वस्तू कधींच वापराव्या लागूं नयेत अशी इच्छा धरून त्यानें जपून ठेविलेल्या असतात, त्यांवरून ती होते. कोनाड्यांतला कंदील, औषधाची पेटी, बियाण्यासाठीं वेगळें काढलेलें धान्य आणि मोटारीच्या पोटांत निजलेलें पांचवें चाक, हीं सर्व एकाच कुळांतलीं. या कुळाचें दैव मोठें चमत्कारिक आहे. वस्तु उपयोगीं पडली नाहीं तर धनी समाधानी असतो, आणि तेंच कारण पुढें करून एके दिवशीं तो तिला अडगळ ठरवितो. अलीकडे या कुळांतील पांचव्या चाकावर हा प्रसंग आला आहे. पुष्कळशा नव्या मोटारींतून, त्यांतही सर्वांत महाग अशा मोटारींतून, तें नाहींसें होत चाललें आहे. हा प्रश्न कारखान्यांतला, फार तर बाजारांतला. वाङ्मयाच्या मासिकांत त्यास जागा कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु आम्हांस तो नीतीचा प्रश्न वाटतो, आणि तसें कां वाटतें हें सांगण्यापूर्वीं एका रात्रीची हकीकत सांगणें अवश्य आहे.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही एका स्नेह्यांबरोबर त्यांच्या नव्या मोटारींतून छत्रपती संभाजीनगराहून सोलापुराकडे चाललों होतों. ‘एस. यू. व्ही.’ या अक्षरांनीं हल्लीं जी उंच व रुंद छातीची मोटारींची जात ओळखली जाते, तिच्यांतली ही वरच्या दर्जाची मोटार. आसनें अशीं कीं घरच्या गादीची आठवण होऊं नये. बाहेरची थंडी, धूळ व गलका यांपैकीं कशासही आंत येण्याची परवानगी नाहीं. वाटेंत येरमाळ्यास थांबून डोंगरावरच्या येडेश्वरीचें दर्शन घ्यावें आणि रात्रीं बार्शीस आप्तांकडे मुक्काम करावा, असा बेत होता. स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री पूर्वीं चैत्री पौर्णिमेच्या यात्रेस येत व इतर भाविकांबरोबर रानांत वाकून चुनखडीचे खडे वेंचीत. गुडघ्यांनीं तो नेम मोडला. निदान गर्दी नसतांना एकवार देवीचें दर्शन घडावें, हा त्या प्रवासाचा खरा हेतु होता.

बीड, चौसाळा अशीं गांवें मागें पडलीं. येरमाळ्यापाशीं महामार्ग सोडून गांवाच्या रस्त्यास लागतांना, दिवेलागणीच्या सुमारास, पुढचें डावें चाक एका खड्ड्याच्या कडेवर आदळलें. आवाज फारसा झाला नाहीं. समोरच्या पडद्यावर मात्र एक तांबडें चिन्ह उमटलें आणि त्या चाकांतील हवा जात असल्याचें मोटारीनें अत्यंत सभ्य शब्दांत आम्हांस कळविलें. चालकानें उतरून पाहिलें तों टायरची बाजू बोटभर फाटली होती. मोटार नवी आणि तोही तिला नवा. त्यानें मागचें सामान उतरवून खालचें झांकण उचललें. जेथें जादा चाक असावें तेथें एक सुबक पेटी निघाली. तींत हवा भरण्याचें लहानसें यंत्र होतें आणि छिद्र बुजविणाऱ्या द्रवाची एक बाटली होती. खिळा शिरून पडलेलें लहान छिद्र हा द्रव बुजवितो. बाजूच्या फाटीपुढें त्याचें कांहीं चालत नाहीं. बाटली रिती झाली, द्रव फाटींतून रस्त्यावर वाहिला, टायर होता तसाच राहिला.

जवळच पंक्चर काढणाऱ्याचें पत्र्याचें दुकान होतें. दुकानदार विजेरी घेऊन आला, वाकून पाहिलें, आणि म्हणाला, “मालक, हे बाजूनं फाटलंय. इथं माझा इलाज न्हाई. स्टेपनी काढा, पाच मिनटांत लावून देतो.”

“स्टेपनी नाही.”

“नाही म्हंजे? घरी राहिली का?”

“या गाडीला येतच नाही.”

त्यानें मोटारीस एकवार खालून वर न्याहाळलें. त्याच वेळीं उसानें लादलेला एक जुनाट ट्रक कुरकुरत शेजारून चालला होता; त्याच्या पोटाशीं एक जादा चाक बांधलेलें होतें. दुकानदारानें त्याकडे नुसतें बोट दाखविलें. बोलला कांहीं नाहीं.

कंपनीच्या मदतकेंद्रास फोन केला. पलीकडचा आवाज नम्र होता. त्या मापाचा टायर बार्शीस नाहीं, कळंबास नाहीं, धाराशिवास नाहीं, सोलापुरासही नाहीं. तो पुण्याहून येणार, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारीं पोंचणार. आप्तांनीं बार्शीहून आपली गाडी पाठविली. मातोश्रींनीं डोंगराकडे तोंड करून खालूनच हात जोडले, आणि आम्ही सर्व त्या गाडींतून निघून गेलों. चालक मागें राहिला. एवढ्या किंमतीची वस्तु रस्त्यावर टाकून जातां येत नाहीं, हें उघडच होतें. इतकें उघड कीं, ‘तुम्हांला रात्रभर येथें राहणें जमेल ना?’ असें त्यास विचारण्याचेंही आमच्यापैकीं कोणास सुचलें नाहीं. त्यानें रात्र मोटारींत बसून काढली. बालाघाटाच्या माथ्यावरची थंडी. पंक्चरवाल्यानें त्यास एक घोंगडी दिली आणि सकाळीं चहा दिला, हें आम्हांस मागाहून कळलें. बार्शीस आम्हांस गाढ झोंप लागली, हेंही येथें नमूद करणें प्राप्त आहे.

मोटार त्या जागीं अठरा तास उभी होती. त्या अठरा तासांचा हिशेब कोणाच्या नांवें मांडावयाचा, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम त्या चाकाची थोडी कुळकथा. १८८८ सालीं बेलफास्ट येथें डन्लपनें आपल्या मुलाच्या तीनचाकीस हवेचे टायर बसविले, तेव्हांपासून वाहनांना मऊ चाल मिळाली आणि तिच्याबरोबरच फुटण्याचें भयही मिळालें. आरंभींच्या मोटारींस जादा चाक नव्हतें. टायर फुटला म्हणजे धन्यानें अथवा त्याच्या माणसानें रस्त्याच्या कडेस बसावें, टायर उतरवावा, ट्यूब सांधावी व पुन्हां सर्व चढवावें, हाच क्रम होता. वेल्समधील लानेली या गांवीं टॉमस आणि वॉल्टर डेव्हिस या बंधूंनीं १९०४ च्या सुमारास यावर तोड काढली. त्यांनीं आऱ्यांवांचूनचें एक कडें केलें व त्यावर हवा भरलेला टायर चढविला. फुटलेल्या चाकाच्या बाजूस तें पकडींनीं अडकवावें आणि मार्गस्थ व्हावें, अशी ती युक्ति होती. त्यांची कर्मशाळा स्टेपनी स्ट्रीट नांवाच्या रस्त्यावर असल्यामुळें वस्तूसही तेंच नांव मिळालें. ती मूळ वस्तु केव्हांच प्रचारांतून गेली. पण वेल्समधल्या एका रस्त्याचें तें नांव शंभरांवर वर्षें लोटल्यावरही येरमाळ्याच्या पंक्चरवाल्याच्या तोंडीं नांदत आहे. शब्द इतका दूरचा प्रवास उगाच करीत नाहीं. लोकांची गरज त्यास वाहून नेते.

ती गरज आतां सरली, असें मानण्याकडे कल दिसतो. भारत सरकारनें जुलै २०२० मध्यें मोटारवाहनांच्या नियमांत दुरुस्ती केली. १ ऑक्टोबर २०२० पासून असें झालें कीं, साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी मोटारीस ट्यूब नसलेले टायर असतील, चाकांतील हवेच्या दाबावर नजर ठेवणारी योजना असेल आणि टायर दुरुस्तीचा संच बरोबर असेल, तर तिनें जादा चाक बाळगलेंच पाहिजे असें नाहीं. त्या रिकाम्या जागेंत मोठी बॅटरी बसवितां यावी, हा हेतूही त्या वेळीं सांगण्यांत आला होता. म्हणजे आमच्या स्नेह्यांची मोटार नियमास धरूनच होती. जी पेटी निघाली तीच कायद्याची मागणी होती, आणि ती पूर्ण झालेली होती.

या बदलाच्या बाजूनें जें बोललें जातें तें आम्ही हलकें लेखीत नाहीं. मोठ्या मोटारीचें एक चाक तीस किलोंच्या घरांत, कधीं त्याहूनही अधिक भरतें. तें वर्षानुवर्षें हिंडविण्यांत इंधन जातें, जागा अडते. नेहमींचें पंक्चर बहुधा खिळ्याचें असतें, आणि ट्यूब नसलेल्या टायरांतून हवा हळूहळू जाते. तेवढ्यास पेटींतला द्रव पुरतो. कांहीं मोटारींस असे टायर असतात कीं, हवा गेली तरी ताशीं ऐंशी किलोमीटरच्या आंतल्या वेगानें सुमारें ऐंशी किलोमीटर जातां येतें. रात्रीच्या वेळीं भरधांव महामार्गाच्या कडेस बसून चाक बदलणें हें स्वतःच जिवावरचें काम आहे. आणि आजच्या मोटारमालकांपैकीं किती जणांना तें उचलतां येईल, हा प्रश्नच आहे. शेवटचा मुद्दा सर्वांत बोचरा. ज्या मोटारींत जादा चाक आहे त्यांपैकीं कित्येकींत तें मोटार घेतल्यापासून कोणीं पाहिलेलें नसतें, आणि प्रसंगीं काढावें तों त्यांत हवाच नसते. यांतला एकही मुद्दा खोटा नाहीं.

मग दोष कोठें आहे? आमच्या मतें दोष चाक काढण्यांत नाहीं. चाक काढल्यानें तीस किलोंचा भार कमी झाला खरा, पण दुसरा एक भार उरला. रस्त्यांत अडकून पडण्याचा, वाट पाहण्याचा, थंडींत बसण्याचा तो भार. चाक काढणारानें तो कोणाच्या डोक्यावर ठेविला हें सांगितलें नाहीं, आणि मोटार घेणारानें तें विचारलें नाहीं. दोष असेल तर तो येथें आहे.

कारखानदार सरासरीवर जगतो, आणि त्याच्या धंद्यांत तें युक्तही आहे. इतक्या मोटारींपैकीं इतक्याच मोटारींवर असा प्रसंग येणार, हें त्यास ठाऊक असतें. त्याच्या वहींत ती एक अपूर्णांकांतली रक्कम असते. परंतु संकट कोणावरही अपूर्णांकांत येत नाहीं. सहस्रांत एकावर येणारी आपत्ति त्या एकावर सबंध येते, आणि उरलेल्या नऊशें नव्याण्णवांच्या सुखानें तिचा रतिभरही भार हलका होत नाहीं. बचत मात्र सर्वांत वांटली जाते. कारखान्यास पोलाद वांचतें, मालकास जागा मिळते. ज्यांना बचत मिळाली तेच नुकसान सोसतील असें असतें, तर त्यास सौदा म्हणतां आलें असतें. येरमाळ्यास तसें झालें नाहीं. जागा वांचली ती स्नेह्यांची. तींत आमच्या पेट्या ऐसपैस मावल्या होत्या. रात्र गेली ती चालकाची. त्यानें ती मोटार निवडली नव्हती, तिच्या गुळगुळीत आसनांपैकीं मागचें एकही त्याचें नव्हतें, आणि तिच्या किंमतींत किंवा बचतींत त्याचा कवडीचा वांटा नव्हता.

कायदा पाळला म्हणजे कर्तव्य संपलें, अशी समजूत किती महाग पडते, याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. ‘टायटॅनिक’ जहाज १९१२ सालीं बुडालें तेव्हां त्यावर सुमारें बावीसशें माणसें होतीं, आणि जीव वांचविणाऱ्या होड्या होत्या वीस. त्यांत जागा ११७८ माणसांची. ऐकणारास वाटतें कीं मालकांनीं नियम मोडला असावा. तसें नव्हतें. त्या वेळचा ब्रिटिश नियम जहाजाच्या नोंदलेल्या टनांवर होड्या मोजी, आणि दहा हजार टनांपुढें कितीही मोठें जहाज असलें तरी सोळा होड्या पुरेशा मानी. टायटॅनिक शेचाळीस हजार टनांचें होतें; नियमाहून चार होड्या त्यावर जास्तच होत्या. त्या व्यवस्थेच्या मागें एक गृहीत होतें: समुद्रावर जहाजांची येजा आहे, बिनतारी संदेश जातो, तेव्हां मदत जवळच असणार, होड्यांचें काम सर्वांना एकदम तारण्याचें नाहीं, एका जहाजावरून दुसऱ्यावर माणसें पोंचविण्याचें आहे. प्रत्यक्षांत ‘कार्पेथिया’ येऊन पोंचलें तेव्हां टायटॅनिक बुडून दीड तासाहून अधिक वेळ झाला होता, आणि सुमारें पंधराशें माणसें गेलीं होतीं. पुढें १९१४ मध्यें लंडन येथें जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यानें जहाजावरील प्रत्येक माणसास होडींत जागा असली पाहिजे असें ठरविलें.

एका फाटक्या टायरची त्या अनर्थाशीं बरोबरी करण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु विचारसरणीचें साम्य लक्षांत घेण्याजोगें आहे. दोन्हीं ठिकाणीं आलिशानपणास कमतरता नव्हती. दोन्हीं ठिकाणीं नियम पाळलेला होता. आणि दोन्हीं ठिकाणीं ‘मदत जवळच असेल’ हें वाक्य सामानाच्या जागीं ठेवलेलें होतें. शहरांतल्या सपाट रस्त्यावर तें खरेंही ठरतें. मोटार जितकी महाग, तितका तिच्या चाकाचा व्यास मोठा, टायरची बाजू आंखूड, आणि म्हणून खड्ड्याच्या कडेवर ती चिमटून फाटण्याची धास्ती अधिक. तसेंच त्या मापाचा टायर जितका दुर्मिळ, तितकें तालुक्याच्या गांवीं तो मिळण्याचें दुर्घट. उसाच्या ट्रकचा टायर येरमाळ्यांत मिळाला असता. म्हणजे ज्या वाहनास मदत सर्वांत दूर, त्यांतूनच चाक काढलें गेलें, आणि ज्यास ती पावलापावलावर, तें आपलें चाक पोटाशीं बांधून हिंडत आहे.

येथें एक आक्षेप येईल. मनुष्य परस्परांच्या आधारानेंच जगतो. प्रत्येकानें आपलें सर्व सामान पाठीवर वाहावें असें म्हटलें तर समाज कशाला? आक्षेप योग्य आहे, आणि आम्ही स्वावलंबनाचे आंधळे पूजक नाहीं. आमच्या खेड्यांत सावड आहे. एकाच्या शेतावर दुसऱ्यानें राबावें, दुसऱ्याच्या शेतावर पहिल्यानें. इर्जिक आहे, ज्याचें औत अडलें त्याचें शेत गांवानें मिळून नांगरून द्यावें आणि त्यानें गांवास जेवूं घालावें. यांत दुसऱ्यावर विसंबणें आहे, पण तें विसंबणें उघड असतें. कोणाचा आधार घेतला हें माहीत असतें, त्याची आठवण राहते आणि फेड होते. जो सावडीस बोलावतो तो आधीं दुसऱ्याच्या दारीं जाऊन विचारतो. आमच्या मोटारीचें विसंबणें निराळ्या जातीचें होतें. ती बनविणारानें पंक्चरवाल्याची घोंगडी, बार्शीच्या आप्तांची गाडी आणि चालकाची झोंप या तिन्ही वस्तू आपल्या योजनेंत न कळत धरल्या होत्या, आणि तिघांपैकीं एकासही विचारलें नव्हतें. परावलंबन ही लाज नव्हे. परावलंबी असून स्वतंत्र असल्याची ऐट मिरविणें, ही मात्र लाज आहे.

आणि ही ऐटच या मोटारींबरोबर विकली जाते. जाहिरातींत त्या नेहमीं डोंगराच्या कड्यावर, नदीच्या पात्रांत, जेथें दुसरें माणूस दृष्टीस पडत नाहीं अशा ठिकाणीं उभ्या असतात. जुन्या जीपगाडीस हें चित्र शोभत असे, कारण तिच्या पाठीवर चाक उघडेंच टांगलेलें असे. तें फारसें सुंदर दिसत नसे. परंतु त्यांत एक प्रामाणिक कबुली होती कीं, हें वाहन जेथें चाललें आहे तेथें चाक फुटूं शकतें, आणि फुटलें तर धनी आपली सोय आपण पाहील. आतां उंची राहिली, रुंद छाती राहिली, रानावनांत जाण्याचा वेष राहिला; कबुली तेवढी गळली. चैनीचा एक अर्थच असा झाला आहे कीं, कांहीं बिघडूं शकतें ही गोष्ट डोळ्यांआड असावी. बिघडणें त्यानें थांबत नाहीं. तें निस्तरणारा माणूस तेवढा डोळ्यांआड जातो.

आमच्या पूर्वजांनीं तरतुदीचा विचार अधिक खोल केलेला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत कोठारावरील अधिकाऱ्याचीं कर्तव्यें सांगतांना असें म्हटलें आहे कीं, साठ्याचा अर्धा भाग जनपदावरील आपत्तीसाठीं बाजूस ठेवावा, अर्धाच वापरावा, आणि नवें आलें म्हणजे जुनें बदलीत जावें. यांतली शेवटची सूचना फार मोलाची आहे. ठेवणें सोपें, ठेविलेलें जिवंत ठेवणें अवघड. मराठवाड्याच्या जुन्या वाड्यांतून ज्वारीचीं पेवें असत. पाऊस फिरवील तसे दिवस फिरतात, हा या भूमीचा अनुभव आहे, आणि १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं माणसें अद्याप हयात आहेत. पण पेव भरलें म्हणून कोणी निश्चिंत होत नसे. ओल लागली तर आंतलें धान्य कुजतें, हें कुणब्यास ठाऊक होतें. न पाहिलेलें पेव आणि हवा गेलेली स्टेपनी एकाच मोलाचीं. किंबहुना हवा गेलेली स्टेपनी ही नसलेल्या स्टेपनीहून वाईट, कारण ती धन्यास खोटा धीर देते. म्हणून ‘आमच्या मोटारींत चाक आहे’ एवढें म्हणून कोणीही स्वतःस शाबासकी देऊन घेऊं नये. तरतूद ही वस्तु नव्हे. तें एक वागणें आहे, आणि तें वरचेवर करावें लागतें.

असें असतां कर्तव्य काय ठरतें? जादा चाकाची सक्ति सर्वांवर पुन्हां लादावी, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्याची मोटार शहराबाहेर जात नाहीं त्यानें तीस किलोंचें ओझें कां वाहावें? परंतु विकणारानें सौदा होण्यापूर्वीं, मोटारीचे इतर गुण सांगतो त्याच आवाजांत, हिच्यांत चाक नाहीं, बाजू फाटली तर ही पेटी उपयोगी पडणार नाहीं, आणि या मापाचा टायर अमुक शहरांतच मिळतो, असें सांगितलें पाहिजे. घेणारानें आपण कोठकोठें जाणार याचा विचार करून चाक घ्यावें कीं नाहीं हें ठरवावें. आणि चाक न घेण्याचें ठरविलें तर, तो भार आपल्याच अंगावर आहे ही जाणीव ठेवावी. मोटारीपाशीं रात्र काढावयाची वेळ आली तर ती कोण काढणार, त्याच्या पांघरुणाची, जेवणाची व मोबदल्याची सोय काय, हें निघण्यापूर्वीं ठरविलें म्हणजे तीही एक तरतूदच झाली. चाक लोखंडाचें व रबराचें असलें पाहिजे असें नाहीं. पण तें दुसऱ्याच्या झोंपेचें असतां कामा नये.

हाच विचार मोटारीपुरता थांबत नाहीं. घरांत एकच मनुष्य मिळवता असून त्यानें विमा उतरविला नाहीं, तर वांचलेला हप्ता आज सर्व कुटुंब खातें, आणि उद्यांचें संकट एकट्या विधवेवर किंवा शाळा सोडणाऱ्या मुलावर पडतें. लग्नांत शेवटच्या रुपयापर्यंत खर्च करणारा गृहस्थ कोणा तरी भावाच्या शिलकीवर विसंबलेला असतो, आणि तें त्या भावास पहिल्या आजारपणांत कळतें. अशा ठिकाणीं आम्ही नशिबास बोल लावितों. नशिबाचा त्यांत संबंध थोडा असतो. संकट येणार कीं नाहीं एवढेंच नशीब ठरवितें. आलेलें संकट कोणी उचलावयाचें हें आम्हीं आधींच, न बोलतां, ठरवून ठेविलेलें असतें.

आमच्या स्नेह्यांनीं पुढें एक चाक विकत घेतलें. तें सामानाच्या जागेंत उभें करावें लागतें आणि एक पेटी घरीं राहते. चालकास त्यांनीं त्या रात्रीबद्दल पैसे दिले, त्यानें ते घेतले, आणि नंतर थोडें थांबून म्हणाला, “साहेब, गाडीत स्टेपनी नाही हे मला आधी सांगितलं असतं तर घरून पांघरूण तरी टाकलं असतं.” त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. त्यामुळेंच तें उत्तर द्यावयास कठीण गेलें.

माघांत मातोश्रींस येडेश्वरीचें दर्शन घडलें. परततांना त्यांच्या सांगण्यावरून त्या पत्र्याच्या दुकानाशीं मोटार थांबविली. दुकानदारानें मोटार ओळखली, आणि मागचें दार उघडावयास लावून नवें चाक पाहिलें. हातांतलें माप लावून त्यानें हवा तपासली. ती कमी होती. त्यानें ती भरून दिली, दहा रुपये घेतले, आणि दर महिन्यास एकदां पाहत जा म्हणून सांगितलें.